नळ वाहतो, दुकान चालते, गाडी धावते

इंग्रजीची तोंडओळख होताना मराठी मुले जी दहा-वीस क्रियापदे सर्वांत आधी पाठ करतात, त्यांत 'रन' हमखास असते. कम म्हणजे येणे, गो म्हणजे जाणे, ईट म्हणजे खाणे आणि रन म्हणजे धावणे. इतका छोटा शब्द आणि इतका सरळ अर्थ, की पुन्हा शब्दकोश उघडायची गरज पडू नये. पण वाचन वाढू लागते तसे हे समीकरण डळमळते. इंग्रजीत नळ 'रन' होतो, सर्दी झाली की नाक 'रन' होते, नव्या कापडाचा कच्चा रंग धुण्यात 'रन' होतो. एखादी बाई खानावळ 'रन' करते, नाटक सहा महिने 'रन' होते, करार तीन वर्षे 'रन' होतो, रस्ता नदीच्या काठाकाठाने 'रन' होतो, मधुमेह घराण्यात 'रन' होतो आणि डब्यातली साखर 'रन आउट' होते. यांतल्या एकाही वाक्यात पाय उचलून कोणी धावत नाही. मराठीत हेच सांगायचे तर नळ वाहतो, नाक गळते, रंग जातो, खानावळ चालवली जाते, नाटक चालते, करार लागू असतो, रस्ता काठाने जातो, दुखणे घराण्यात चालत येते आणि साखर संपते. एका इंग्रजी क्रियापदासाठी आपल्याला सात-आठ क्रियापदे बाहेर काढावी लागली.

इथे दोन प्रश्न उभे राहतात. एवढे सगळे अर्थ एकाच शब्दाने पोटात घेतले कसे? आणि 'रन'चा समानार्थी शब्द सांगा असे कोणी म्हटले तर काय सांगायचे? 'स्प्रिंट' म्हणावे, 'फ्लो' म्हणावे की 'मॅनेज'? तिन्ही उत्तरे बरोबर आहेत आणि तिन्ही एकमेकांच्या जागी अजिबात चालत नाहीत. आपल्या शाळांमध्ये समानार्थी शब्द जोडीजोडीने पाठ करून घेतले जातात, एका शब्दापुढे दुसरा. ही पद्धत मुळातच अपुरी आहे. समानार्थी शब्द अख्ख्या शब्दाला मिळत नाही, त्या शब्दाच्या एकेका अर्थाला मिळतो. आणि तो अर्थ शेजारी कोणता शब्द बसला आहे यावर ठरतो. 'रन' नीट उलगडून पाहिले की हे स्पष्ट दिसते.

सहाशे पंचेचाळीस

इंग्रजीचा सर्वांत मोठा ऐतिहासिक शब्दकोश म्हणजे ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी. 1857 मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत त्याची कल्पना निघाली, 1879 मध्ये जेम्स मरी यांच्याकडे संपादन आले, 1884 मध्ये पहिला भाग छापला गेला आणि मरी यांच्या निधनानंतर तेरा वर्षांनी, 1928 मध्ये, पहिली आवृत्ती पुरी झाली. कामाची पद्धत कष्टाची होती. हजारो स्वयंसेवक वाचक पुस्तके वाचत, शब्द जिथे सापडेल तिथले वाक्य एका चिठ्ठीवर उतरवून पाठवत. संपादक एका शब्दाच्या सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरून त्यांचे गठ्ठे करत. ज्या वाक्यांत शब्द एकाच कामाला लागला आहे ती एका गठ्ठ्यात, काम बदलले की नवा गठ्ठा. शब्दकोशात एक, दोन, तीन असे जे अर्थ आपण वाचतो ते मुळात असे वाक्यांचे गठ्ठे असतात. शब्द जन्माला येताना आपल्या अर्थांची यादी सोबत घेऊन येत नाही. लोक तो कसा वापरतात हे पाहून यादी मागाहून तयार होते.

या शब्दकोशाच्या 1989 च्या वीस खंडांच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद 'सेट' या क्रियापदाची होती. तिसऱ्या आवृत्तीसाठी नोंदी नव्याने तपासल्या जाऊ लागल्या तेव्हा मान 'रन'कडे गेला. पीटर गिलिव्हर या कोशकाराने नऊ महिन्यांहून अधिक काळ या एका शब्दावर घालवला आणि नुसत्या क्रियापदाचे 645 अर्थ मोजले, असे सायमन विंचेस्टर या लेखकाने 2011 मध्ये लिहिले. हा आकडा तेव्हापासून कौतुकाने सांगितला जातो.

त्यावर रास्त शंका अशी घेता येते, की हे अर्थ खरोखर 645 आहेत का? प्रिन्स्टन विद्यापीठात तयार झालेल्या 'वर्डनेट' या शब्दसंग्रहात याच क्रियापदाचे 41 अर्थ दिलेले आहेत. शब्द तोच, भाषा तीच, आणि मोजणीत पंधरा पटींहून जास्त फरक. चूक कोणाचीच नाही. सह्याद्रीची शिखरे मोजायला बसलो तर जे होईल तेच इथे होते. दोन उंचवट्यांच्या मध्ये किती खोल खिंड असली म्हणजे त्यांना दोन शिखरे म्हणायचे, हे आधी ठरवावे लागते. बारीक खाचही ज्याला पुरते त्याची शिखरे शेकड्यांनी भरतात. ज्याला खोल खिंड हवी तो थोडक्यात आटोपतो. डोंगर मात्र सलग असतो. नळाचे पाणी 'रन' होणे आणि नदी 'रन' होणे हे दोन अर्थ मानावेत की एक? ऐतिहासिक शब्दकोशाला प्रत्येक छटा पहिल्यांदा कधी दिसली याची नोंद ठेवायची असते, म्हणून तो बारीक चिरतो. तेव्हा 645 या आकड्यापेक्षा हा डोंगर एवढा पसरला कसा हे समजून घेण्यात अधिक हशील आहे.

धावण्यापासून चालवण्यापर्यंत

पहिली गोष्ट अशी, की 'रन'च्या गाभ्यात पायांनी धावणे एवढेच कधी नव्हते. इंग्रजीची सख्खी बहीण असलेल्या जर्मन भाषेत 'रेनेन' म्हणजे धावणे आणि 'रिनेन' म्हणजे पाणी झिरपत वाहणे. दोन्ही एकाच कुळातले. आपल्याकडेही फार वेगळे नाही. संस्कृतातला 'धाव्' हा धातू धावण्याला वापरला जाई तसा वाहण्यालाही. याचा अर्थ, माणसाचे धावणे आणि पाण्याचे वाहणे यांतले समान काहीतरी भाषेने फार पूर्वी टिपले आहे: न अडखळता, सलग, पुढे पुढे जाणे. हा गाभा हाती लागला की बाकीचे अर्थ भरकटलेले वाटत नाहीत.

पाण्याबरोबर नळ आला, नाक आले, फुटलेला रंग आला. पाणी ज्या वाटेने जाते ती वाटही 'रन' होऊ लागली: रस्ता काठाने 'रन' होतो, कुंपण शेताच्या कडेने 'रन' होते. रस्ता जागचा हलत नाही, पण त्याच्यावरून नजर पुढे पुढे जाते. मराठी माणूसही 'हा रस्ता वाईला जातो' असे म्हणतो तेव्हा हेच करतो. जागेवरून काळावर उडी मारणे तर आणखी सोपे. करार तीन वर्षे 'रन' होतो, नाटक सहा महिने 'रन' होते. इथे पुढे जातो तो काळ. सलग चालू राहणे हा धागा यंत्रांनाही लागू पडला. घड्याळ, गिरणी, इंजिन, आगगाडी, मग विजेची मोटर आणि शेवटी संगणकाचा प्रोग्राम, सगळे 'रन' होऊ लागले. विंचेस्टर यांनी या शब्दाच्या वाढीचे श्रेय यंत्रयुगाला दिले ते पटण्यासारखे आहे. इतक्या नव्या वस्तू हलू लागल्या तर त्यांच्या हालचालीला शब्द हवाच होता, आणि तयार शब्द हाताशी होता.

या सरकण्याला आपल्या साहित्यशास्त्रात जुने नाव आहे: लक्षणा. शब्दाचा सरळ अर्थ वाक्यात बसेना, की त्याच्याशी संबंध असलेला दुसरा अर्थ आपण घेतो. 'बाबा ताटावर बसले' हे शालेय व्याकरणातले नेहमीचे उदाहरण. बाबा थाळीवर चढून बसलेले नाहीत, जेवायला बसले आहेत, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. जुन्या शास्त्रकारांनी लक्षणेचे दोन मुख्य प्रकार मानले: एक मुद्दाम काही साधण्यासाठी केलेली, दुसरी रूढ होऊन बसलेली. शब्दकोशातले बहुतेक वाढीव अर्थ हे दुसऱ्या प्रकारातले. कोणीतरी पहिल्यांदा घड्याळाला 'रन' लावले तेव्हा ती कल्पनेची झेप होती. हजार वेळा लावल्यावर झेप कोणाला जाणवेना आणि कोशकाराने तिला क्रमांक देऊन टाकला.

शब्द आपल्या मूळ अर्थापासून किती लांब जाऊ शकतो हे क्रिकेटच्या मैदानावर अगदी जवळून पाहता येते. बावीस यार्डांच्या खेळपट्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फलंदाज धावले की 'रन' झाला. इथवर शब्द पायांशी इमान राखून आहे. अठराव्या शतकात गुणलेखक काठीवर खाचा पाडून हिशेब ठेवत आणि त्या खाचांवरून धावेला 'नॉच', म्हणजे खाच, असेही म्हणत. आता फलंदाजाने चेंडू थेट सीमारेषेपार मारला असे समजा. तो जागेवरच उभा आहे, जोडीदार बॅटवर रेलून पाहतो आहे, आणि फलकावर सहा 'रन' लागतात. गोलंदाजाने चेंडू फार बाहेर टाकला तर फलंदाजाने काहीच न करता एक 'रन' मिळतो. धावणे निघून गेले, मोजणी उरली. मराठीने 'रन'साठी 'धाव' हा शब्द केला तेव्हा ही संपूर्ण वाटचाल एका झटक्यात आयती उचलली, म्हणून 'न धावता सहा धावा' हे आपल्यालाही विचित्र वाटत नाही.

'व' हरवल्याचा परिणाम

तरीही शंका उरतेच. लक्षणा सगळ्याच भाषांत आहे. मग इंग्रजीतच एका शब्दावर एवढा भार का? याचे एक ठोस कारण व्याकरणात आहे आणि ते मराठी माणसाला चटकन कळण्याजोगे आहे.

मराठीत एखादी क्रिया दुसऱ्याकडून घडवून आणायची तर आपण क्रियापदात एक 'व' घालतो. पळणे–पळवणे, चालणे–चालवणे, बसणे–बसवणे. याला प्रयोजक क्रियापद म्हणतात. जुन्या इंग्रजीतही स्वतः धावणे आणि धावायला लावणे यांची रूपे वेगळी होती. पुढे, काहीशा स्कँडिनेव्हियन भाषेच्या सहवासात, ती एकमेकांत मिसळून एकच 'रन' उरला. त्यामुळे यंत्र 'रन' होते आणि कामगार यंत्र 'रन' करतो. आपल्याकडे जिथे यंत्र चालते आणि कामगार ते चालवतो, तिथे इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द. यंत्र चालवता येते तर गिरणी चालवता येते, गिरणी चालवता येते तर कंपनी, खानावळ, शाळा, सरकारही. धावणाऱ्याचा शब्द असा कारभार हाकणाऱ्याच्या हाती गेला.

याच्या शेजारी 'सेट' ठेवून पाहण्यासारखा आहे, कारण तोही मुळात प्रयोजकच: 'सिट' म्हणजे बसणे, 'सेट' म्हणजे बसवणे. ही एक जोडी इंग्रजीने टिकवली. त्याचे शेकडो अर्थ इंग्रजांनाही अवघड वाटतात, पण मराठीतल्या 'बसवणे'शी ताडून पाहिले तर त्यांतले कित्येक ओळखीचे निघतात. सोनार अंगठीत खडा बसवतो, निखळलेले हाड बसवतात. इंग्रजीत या दोन्ही ठिकाणी 'सेट'च येतो. गणपती बसवणे आणि नाटक बसवणे मात्र आपले स्वतःचे.

दुसरे कारण, इंग्रजीत क्रियापदाचे नाम करायला काही जोडावे लागत नाही. मराठीत धावणे वेगळे आणि धाव वेगळी. इंग्रजीत दोन्ही 'रन'. तिसरे कारण शेपटांचे. 'आउट', 'इंटू', 'ओव्हर', 'अप', 'डाउन' असले छोटे शब्द मागे लावले की नवाच अर्थ उभा राहतो. साखर 'रन आउट' झाली म्हणजे संपली. भांड्यातले पाणी वाहून बाहेर गेले, भांडे रिकामे झाले, असे चित्र त्यामागे आहे. फलंदाज 'रनआउट' झाला तेव्हा 'आउट'चा अर्थ बाद. अक्षरे तीच, शेपूटही तेच, पण दोन्ही वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

आपले 'चालणे' आणि लॅटिनचे धावणे

हे सगळे वाचून इंग्रजी फार अघळपघळ आणि मराठी काटेकोर असे वाटू लागले तर 'चालणे'कडे वळावे. माणूस चालतो, घड्याळ चालते, दुकान चालते, खटला चालतो, नाणे चालते, डोके चालते, मंत्रालयात कोणाचे तरी चालते, संसार चालतो, तोंड चालते, गाण्याला चाल असते, बुद्धिबळात चाल खेळतात, जुन्या चालीरीती असतात, आणि 'चहा चालेल का?' असे विचारल्यावर 'चालेल' हे उत्तर येते. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला 'चालणे म्हणजे पायांनी हळू जाणे' एवढेच सांगून सोडले तर त्याची अवस्था आपल्या 'रन' पाठ केलेल्या मुलासारखीच होईल. मोल्सवर्थ यांचा मराठी–इंग्रजी कोश 1831 मध्ये आणि त्यांनी सुरू करून कँडी यांनी पूर्ण केलेला इंग्रजी–मराठी कोश 1847 मध्ये निघाला. एका बाजूला 'चालणे' आणि दुसऱ्या बाजूला 'रन' अशा झाडांच्या फांद्या एकमेकींना जुळवायचे काम त्या काळात या मंडळींनी केले, याचा विचार केला तर त्या श्रमांबद्दल आदर दुणावतो.

आणखी एक पुरावा मला सर्वांत बोलका वाटतो. लॅटिनमध्ये धावण्याला 'कुर्रेरे' म्हणत. या एका धातूपासून आलेले शब्द आज मराठी बोलण्यात सर्रास वावरतात: करंट, करन्सी, कोर्स, कुरिअर, कॉरिडॉर आणि संगणकाच्या पडद्यावर लुकलुकणारा कर्सर. कर्सर म्हणजे लॅटिनमध्ये धावणारा माणूस. पाण्याचा आणि विजेचा प्रवाह, हातोहात फिरणारा पैसा, ठरलेला मार्ग, धावत निरोप नेणारा: 'रन'ने जी वळणे घेतली त्यांतली अनेक लॅटिनने कितीतरी आधी घेतली होती. आता मराठीकडे पाहा. फिरणाऱ्या पैशाला आपण 'चलन' म्हणतो, सरत असलेल्या वर्षाला 'चालू वर्ष'. करन्सीत धावणे आहे, चलनात चालणे आहे, विचार एकच. बँकेतले 'चालू खाते' हे इंग्रजी 'करंट अकाउंट'चे भाषांतर असेल, पण ते इतके सहज बसले कारण 'चालू'मध्ये तो अर्थ आधीच मुरलेला होता. अर्थांचा पसारा हा एका भाषेचा लहरीपणा असता तर दूरदूरच्या भाषांत त्याच वाटा पुन्हा पुन्हा पडल्या नसत्या.

[चौकट]
शेजारी पाहून 'रन'
माणूस, घोडा: धावणे, पळणे; जवळचे इंग्रजी शब्द स्प्रिंट, जॉग, डॅश
पाणी, रक्त, अश्रू: वाहणे, ओघळणे, फ्लो, स्ट्रीम, पोअर
यंत्र, घड्याळ, प्रोग्राम: चालणे, वर्क, फंक्शन, ऑपरेट
दुकान, संस्था, शिबिर: चालवणे, मॅनेज, डिरेक्ट, अ‍ॅडमिनिस्टर
रस्ता, भिंत, डोंगररांग: जाणे, पसरणे, स्ट्रेच, एक्स्टेंड
नाटक, करार, मुदत: चालू राहणे, लास्ट, कंटिन्यू
निवडणूक: उभे राहणे, लढवणे, स्टँड, कंटेस्ट

समानार्थी, पण कोणत्या अर्थी?

चौकटीतल्या ओळी आडव्या वाचल्या तर समानार्थी शब्द सापडतात. उभ्या वाचल्या तर काहीच जुळत नाही. 'स्प्रिंट' आणि 'अ‍ॅडमिनिस्टर' दोघेही 'रन'चे समानार्थी आहेत, पण एकमेकांचे दूरचे नातेवाईकही नाहीत. दोन अर्थ खरोखर वेगळे आहेत का हे तपासायची एक सोपी कसोटी आहे: दोन्ही एकाच क्रियापदाला जुंपून पाहायचे. 'त्याने भाकरी आणि मार खाल्ला' हे वाक्य कानाला खटकते, कारण खाणे दोन्हीकडे एकच काम करत नाही. 'ती रोज पाच किलोमीटर आणि एक खानावळ रन करते' हे इंग्रजीतही तसेच खटकते. उलट 'तिने भाकरी आणि पिठले खाल्ले' यात काहीच अडत नाही. दुसरी कसोटी विरुद्धार्थी शब्दाची. माणूस धावत नसेल तर चालतो किंवा थांबतो. यंत्र 'रन' होत नसेल तर बंद असते. रंग 'रन' होत नसेल तर पक्का असतो. विरुद्धार्थी बदलला, म्हणजे अर्थ बदलला.

ही गोष्ट जुन्या कोशकारांना चांगली ठाऊक होती. अमरसिंहाच्या अमरकोशात शब्द अर्थाच्या गटांनी लावले आहेत, एका वस्तूची अनेक नावे एकत्र. आणि तिसऱ्या कांडात नानार्थवर्ग स्वतंत्र ठेवला आहे, जिथे एका शब्दाचे अनेक अर्थ येतात. एकाच ग्रंथात दोन्ही दरवाजे. इंग्लंडमध्ये पीटर मार्क रॉजे या डॉक्टरने 1852 मध्ये आपला थिसॉरस छापला तोही अकारविल्हे नव्हता, कल्पनांच्या सुमारे हजार गटांत विभागलेला होता. 'रन'सारखा शब्द अशा ग्रंथात एका जागी सापडत नाही; मागच्या सूचीत तो शोधायचा, तिथे हालचाल, प्रवाह, कारभार अशा वेगवेगळ्या गटांकडे बोटे दाखवलेली असतात, आणि आपल्याला हव्या त्या गटात जायचे. पुढे ग्लासगो विद्यापीठात 1965 पासून खपून ऑक्सफर्डच्या कोशातले शब्द अर्थवार लावण्याचे काम झाले. 'हिस्टॉरिकल थिसॉरस' म्हणून ते 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. अमरकोश काय, रॉजे काय आणि ग्लासगो काय, शब्दापुढे एकच शब्द ठेवण्याची पाठांतराची वही यांच्यापैकी कोणीच मानली नाही.

बरे, एका ओळीतले शब्द तरी अगदी सारखे असतात का? तेही नाही. 'जॉग' म्हणजे सावकाश, व्यायामापुरते. 'स्प्रिंट' म्हणजे थोड्या अंतरात जीव तोडून. 'बोल्ट' म्हणजे दचकून सुसाट सुटणे. मराठीतही धावणे, पळणे, सुटणे आणि धूम ठोकणे यांची अदलाबदल करता येत नाही: चोर धूम ठोकतो, शर्यतीतला धावपटू ठोकत नाही. इंग्रजीत आणखी एक थर आहे. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच आणि लॅटिन शब्दांचा लोंढा आला, आणि घरगुती जुन्या शब्दांशेजारी दरबारी शब्द बसले. म्हणून कोपऱ्यावरचे दुकान 'रन' करतात आणि जिल्ह्याचा कारभार 'अ‍ॅडमिनिस्टर' करतात. आपल्याकडे देशी आणि संस्कृत शब्दांची अशीच पंगत असते. घर चालवतात, प्रतिष्ठानाचे संचालन करतात. 'संचालन'मध्येही चालणेच दडलेले आहे. देशागणिकही निवड बदलते: निवडणुकीत अमेरिकन उमेदवार 'रन' होतो, ब्रिटिश उमेदवार 'स्टँड' करतो. मराठी उमेदवारही उभाच राहतो.

गोंधळ का होत नाही?

आता सर्वांत मोठा आक्षेप. शब्द इतका ओझ्याने वाकलेला असेल तर इंग्रजी बोलणाऱ्यांचा दिवसातून दहादा घोटाळा व्हायला हवा. तो होत नाही. याचे उत्तर संस्कृत परंपरेतल्या 'सैंधव' या उदाहरणात आहे. सैंधव म्हणजे सिंधू देशातले. त्यावरून मीठही आणि घोडाही. जेवणाच्या पानावरून कोणी सैंधव आणायला सांगितले तर मीठ आणायचे, प्रवासाला निघताना सांगितले तर घोडा. शब्द एकच असून नोकर चुकत नाही, कारण प्रसंग त्याला सांगतो. भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त अर्थ निश्चित करणाऱ्या अशा गोष्टींची यादीच दिली आहे: साहचर्य, म्हणजे शेजारी कोण आहे, विरोध, प्रकरण, म्हणजे विषय कोणता चालला आहे, देश, काळ वगैरे. विसाव्या शतकात, 1957 मध्ये, जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने हीच दिशा धरली: शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून पटते. आजची यांत्रिक भाषांतरे जी सुधारली ती शब्दांचा मराठी अर्थ पाठ करून सुधारली नाहीत. कोणता शब्द कोणाच्या सोबत येतो हे अगणित वाक्यांवरून टिपून सुधारली. नाकाशेजारी 'रन' आला तर वाहणे, कंपनीशेजारी आला तर चालवणे.

यावर कोणी म्हणेल, मग हे एकाच शब्दाचे अर्थ कशाला मानायचे, शब्दच वेगवेगळे माना. काही ठिकाणी ते खरे आहे. मराठीत 'नाव' म्हणजे नाम आणि 'नाव' म्हणजे होडी. हे दोन अर्थ एका शब्दाचे नाहीत. नाम आणि नौ या दोन वेगळ्या वाटांनी आलेले शब्द आवाजात योगायोगाने एकत्र आले. व्याकरणही त्याची साक्ष देते: एक नपुंसकलिंगी, म्हणून 'नावाला', दुसरा स्त्रीलिंगी, म्हणून 'नावेला'. इंग्रजीत चेंडू मारायची बॅट आणि रात्री उडणारे वटवाघूळ, 'बॅट', यांचेही तसेच. पण 'रन'च्या बाबतीत एका अर्थातून दुसऱ्या अर्थात जाणारी पाऊलवाट प्रत्येक ठिकाणी दाखवता येते. नळापासून नाकापर्यंत, गिरणीपासून सरकारपर्यंत. वाट दिसत असेल तोवर शब्द एक, हा कोशकारांचा दंडक रास्त आहे. शिकणाऱ्यालाही तोच सोयीचा; सुटे अर्थ घोकण्यापेक्षा वाट लक्षात ठेवणे हलके जाते.

आणि ही वाट आता मराठीच्या अंगणातूनही जाऊ लागली आहे. क्रिकेटबरोबर 'धावते समालोचन' आले. त्याहून लक्ष देण्याजोगे वाक्य मुंबईकर कायम ऐकतात: गाड्या दहा मिनिटे उशिराने धावत आहेत. मराठी 'धावणे'त वेग गृहीत असतो. मूल धावते म्हणजे भरभर जाते. इथे मात्र गाडी रखडली आहे, सिग्नलपाशी थांबत थांबत येते आहे, आणि तरीही धावते आहे. हा 'रन'चा यंत्रवाला अर्थ, वेगाशी संबंध सुटलेला, मराठी क्रियापदात उतरला आहे. फलाटावर उभ्या असलेल्या कोणालाही त्यात काही वावगे वाटत नाही. मराठीचा पुढचा मोठा कोश करणाऱ्याला 'धावणे'च्या नोंदीत यासाठी एक नवा क्रमांक घालावा लागेल.